यार्नलांची दळणावळ

१

१७९७, अकराव्या महिन्याचा सहावा दिवस, दुसरा वार. सकाळी ओढ्यावर धुकं, दुपारी लख्ख ऊन, वारा वायव्येचा आणि बोचरा.

एवढं लिहून (तिच्या पंथात महिन्यांना आणि वारांना नावं नसत, आकडे असत) टेसी यार्नलने लेखणी पुसली, पुन्हा दौतीत बुडवली आणि दिवसाचा खर्च मांडायला घेतला. गिरणीचा खर्च डाव्या पानावर, घरचा उजव्या. गिरणीकडे पीठ चाळायचं रेशमी कापड, चार वार; जात्याच्या दगडी तळ्यांना टाकी लावणाऱ्याची मजुरी, सहा शिलिंग आणि त्याची दोन जेवणं. (दोन लिहिली असली तरी तो माणूस चार जणांचं जेवला होता.) घराकडे काकवी, मीठ, फीबीच्या सैल केलेल्या झग्याला अस्तर. आणि सगळ्यांत खाली, मोठ्या समाधानाने: "अंड्यांना वाडगा हवा होता. विकत घेतला नाही. वाचले चार पेन्स."

वाडगा म्हणजे दळणावळीचं जुनं मापटं. ब्रँडीवाइनच्या खोऱ्यात दळणाचे पैसे कोणी देत नसे. शेतकरी गव्हाचं पोतं आणी, गिरणीवाला ते चाड्यात, म्हणजे जात्यावरच्या लाकडी नरसाळ्यात, ओतण्याआधी त्यातला दहावा हिस्सा मापट्याने काढून घेई, आणि तीच त्याची दळणावळ. सफरचंदाच्या लाकडाचं हे मापटं टेसीच्या आजोबांनी कोरलं होतं आणि तीन पिढ्यांच्या हातांनी ते रेशमासारखं गुळगुळीत झालं होतं. यंदा त्याला काठापासून बुडापर्यंत तडा गेला. तडा गेलेल्या मापट्याने मोजणं टेसीच्या थोरल्या भावाला, केलेबला, पटेना. केलेब यार्नल असा माणूस होता की मापट्यावरची शीग दांडीने सपाट करताना तो दांडी नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूला सारी, म्हणजे सांडलेले दाणे गिऱ्हाइकाच्याच पोत्यात पडावेत. त्याने नवं मापटं केलं आणि जुनं गिरणीवरचा गडी फर्गस याच्याकडे चुलीत घालायला दिलं.

टेसीने ते फर्गसच्या हातातून अलगद काढून घेतलं होतं.

"बाईसाहेब, जळणाला तरी होऊ द्या की."

"फर्गस, बाईसाहेब म्हणू नकोस, किती वेळा सांगायचं? आम्ही क्वेकर पंथाची माणसं. आम्ही कोणाला साहेब म्हणत नाही, न्यायाधीशालाही अरे-तुरे करतो."

"बरं, बाईसाहेब."

तडा तारेने आवळून घेतला आणि मापटं स्वयंपाकघरातल्या फळीवर गेलं. त्या घरात तेव्हा केलेब आणि त्याची बायको लिडिया, त्यांचा मुलगा एमॉस आणि सून फीबी, केलेबच्या दोन लहान मुली, सगळ्यांवर तोंड चालवणारी म्हातारी ब्यूला आत्या, फर्गस, आणि त्रेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, हिशेब सांभाळणारी टेसी एवढी माणसं होती. फीबी गरोदर होती; पहिल्या महिन्याच्या, म्हणजे जानेवारीच्या, अखेरीला बाळंत व्हायची होती.

२

अंडी दुसऱ्याच दिवशी कमी भरली. टेसीने मापट्यात दहा ठेवली होती, ऑम्लेटला नऊच निघाली. एका अंड्याचं काय एवढं, म्हणून तिने सोडून दिलं. पण त्याच आठवड्यात साच्यातून काढलेल्या चाळीस मेणबत्त्यांच्या छत्तीस झाल्या. मग एमॉसच्या नव्या कोटाची बटणं.

"उंदीर," लिडिया म्हणाली.

"उंदीर मेणबत्त्या खातील. शिंगाची बटणं कशाला खातील?"

"लग्नाला निघाला असेल एखादा," ब्यूला आत्या शेगडीजवळून म्हणाली. "फर्गसची झडती घ्या. आयरिश माणसाला बटणं आवडतात."

"मला आवडतात," फर्गसने कबूल केलं, "पण आजी, ती लावायला कोट लागतो, तो माझ्याकडे कुठाय?"

टेसी हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ती उरलेल्या मेणबत्त्या हातात घेऊन बघत होती. घरच्या साच्याच्या मेणबत्तीला दोन्ही बाजूंनी एक बारीक कड येते. ती बोटाला लागते. पोरी ती नखाने खरवडतात आणि बोलणी खातात. या छत्तीसांना कड नव्हती. कोणी बसून घासून काढावी तशा सगळ्या सारख्या, गोल, मऊसर होत्या. कोटाची उरलेली बटणंही तशीच. शिंगाच्या बटणावर करवतीची रेघ राहते, ती गेली होती.

चरबी या खेपेला चांगली कढली असेल, तिने स्वतःला सांगितलं. बटणांचं मात्र तिला काही सांगता येईना.

जेवताना तिने केलेबपुढे विषय काढला. केलेबने पाव काकवीत बुडवला, शांतपणे चावला आणि म्हणाला, "चाळीसातल्या चार. दहातलं एक. टेसे, हा चोर नव्हे. हा गिरणीवाला आहे."

सगळे खो खो हसले. केलेब स्वतःच्या विनोदावर सहसा हसत नसे, तोही हसला.

"आणि प्रामाणिक दिसतो," तो पुढे म्हणाला. "एकदा दळणावळ काढलेल्या मालाला पुन्हा हात लावत नाही ना? मग झालं तर. आपल्या धंद्यातला माणूस आहे, राहू दे."

टेसीने आठवून पाहिलं. छत्तीस मेणबत्त्यांना खरंच पुन्हा कोणी हात लावला नव्हता.

३

त्यानंतर तिने पुष्कळ गोष्टी मोजल्या. मोजणं तिच्या हाताशी होतंच, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. दहाच्या आत असलेल्या कशालाही धक्का लागत नव्हता. दोन किटल्या, सहा चादरी, आठ पितळी कड्या जिथल्या तिथे. साबणाच्या वड्या, कणसं, खिळे, लोकरीच्या लडी यांच्यातून मात्र दहावा हिस्सा जाई, आणि उरलेला माल मऊ होऊन राही. खिळ्यांची टोकं इतकी गोल झाली की एमॉसने तीन वाकडे केले आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली.

तिला मापट्याची शंका आली, आणि तिला स्वतःचाच राग आला. आपण प्रार्थनासभेला जाणारी माणसं. आपला वाडग्यांवर विश्वास नाही, ती स्वतःला म्हणाली. पण वाडगा चुलीत घालायला विश्वास कशाला लागतो? चार पेन्सांचं नुकसान सोसू. असा विचार करून ती एका स्वच्छ सकाळी फळीपाशी गेली.

फळीवर मापटं नव्हतं. अंडी होती, फळीवर एका रांगेत मांडून ठेवलेली, एकही हललं नव्हतं.

"मापटं कोणी नेलं?"

कोणीच नेलं नव्हतं. पोरींनी नाही, लिडियाने नाही. फर्गस म्हणाला, "मी जाळणार होतो तेव्हा तुम्ही जाळू दिलं नाही, बाईसाहेब," आणि त्याचं बरोबर होतं.

टेसी स्वयंपाकघरातून गिरणीत जाणाऱ्या झाकलेल्या बोळातून पलीकडे गेली. गिरणी त्या दिवशी बंद होती. पुन्हा आलेल्या टाकीवाल्याने जात्याची वरची तळी उचलून उलटी करून ठेवली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि उन्हात पिठाची धूळ तरंगत होती. जुन्या मापट्याचा खिळा रिकामा होता. नवं मापटं शेजारच्या खिळ्यावर.

ती वळणार तोच घंटा वाजली.

चाड्याच्या तळाशी एक कातडी पट्टी असते. चाड्यात दाणे आहेत तोवर त्यांच्या वजनाने पट्टी दबलेली राहते. दाणे सरले की पट्टी सुटते आणि घंटा वाजते. मग गिरणीवाला धावत येतो, कारण तळ्या रिकाम्या घासल्या तर ठिणग्या उडून गिरणी पेटते. ही घंटा टेसीने जन्मापासून ऐकली होती. पण आज चाड्यात दाणेच नव्हते आणि चाकही थांबलेलं. पट्टी चार दिवसांपासून सुटीच होती. सुटलेली पट्टी पुन्हा कशी सुटणार?

घंटा दोनदा किणकिणली. आणखी घालायला आणा, या अर्थाने वाजते तशीच.

टेसीने चाड्यात डोकावलं. आत ऊन आणि कोळ्याचं जाळं. कोळी जागचा हलला नव्हता.

४

टर्कींचा प्रकार बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला झाला.

फीबीला टर्कींचा फार नाद. पोट घेऊन ती हळूहळू अंगणात जाई आणि प्रत्येकीशी बोलत दाणे टाकी. नऊ टर्की होत्या. एक नवी आणली. झाल्या दहा. दुसऱ्या सकाळी फीबी अंगणात उभी होती आणि नऊ टर्की तिच्यासमोर उभ्या होत्या.

"टेसी आत्या, जरा ये ना."

"कोल्हा?"

"कोल्हा आला असता तर पिसं पडली असती. पण ते नाही. ह्यांच्याकडे बघ."

टेसीने पाहिलं. टर्की हा जगातला सर्वांत भांडखोर पक्षी. दाणे टाकले की एकमेकींच्या डोक्यावर चढतात, गळ्याच्या लाल झालरी हलवत कलकलाट करतात. या नऊ जणी दाण्यांपुढे सरळ ओळीत उभ्या राहिल्या, एकामागून एक चोच खाली घालत होत्या, आणि आवाज अजिबात नव्हता. पिसं अशी बसलेली की जणू कोणी हात फिरवून बसवली. जिचा पाय लंगडा होता तिचा पाय बरा झाला होता. पण ती नेमकी कुठली, हे आता दोघींना सांगता येईना.

"किती गुणी झाल्यात," टेसी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच खोटा वाटला.

"त्या मला ओळखत नाहीत," फीबी म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत ओळखत होत्या."

लिडिया खूश झाली. असल्या शांत टर्की तिने उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. ब्यूला आत्या म्हणाली, "ज्याने हे केलं त्याला सांगा, घरातली माणसंही जरा घेऊन जा म्हणावं. केलेब घोरतो."

सगळे पुन्हा हसले. टेसीच्या हातातली सुई मात्र थांबली. तिने मान वर करून टेबलाभोवती पाहिलं. केलेब, लिडिया, एमॉस, फीबी, पोरी दोन, ब्यूला आत्या, दाराशी फर्गस. आणि ती स्वतः. नऊ.

फीबीने खुर्चीत बसताना पोटाखाली हात धरला आणि हसून म्हणाली, "लाथ मारली."

५

टेसीने आधी सोपे उपाय करून पाहिले. तळघरात सफरचंदाच्या मुरंब्याचे नुकतेच भरलेले दहा बुधले होते. त्यातला एक तिने ओढ्यापलीकडे पिंपं बनवणाऱ्या ईनक पासमोरच्या आईला उसना नेऊन दिला. तळघरात नऊ राहिले. दोन दिवसांनी आठ.

म्हणजे उसनं दिलेलंही घरचंच धरत होता. कोण धरत होता, या प्रश्नाला ती हात लावत नव्हती. बाळ येऊन घरात दहा माणसं होण्याआधी एक कमी व्हायला हवं होतं, आणि नुसतं पाहुणं म्हणून कुठे जाऊन राहणं उपयोगाचं नव्हतं; जे जाईल ते या घरचं उरता कामा नये. फर्गसला काढायचं तिने सुचवून पाहिलं तर लिडिया खवळली, "ऐन थंडीत माणसाला रस्त्यावर काढायचं? सभेत काय तोंड दाखवू?" आणि तिचंही बरोबर होतं. केलेबला तिने सगळं सरळ सांगितलं. मग त्याने तिला विचारलं की तिला रात्री झोप नीट लागते का.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर टोपी घट्ट बांधून ओढ्यापलीकडे गेली. ईनक शेडमध्ये फळ्यांना बाक देत होता. पन्नाशीचा, विधुर, पाच पोरांचा बाप, दाढीत कायम लाकडाचा भुसा.

"ईनक, या वर्षी तू विचारलं नाहीस."

"काय?"

"सफरचंदं गाळून झाली की दर वर्षी विचारतोस ते."

ईनकने रंधा खाली ठेवला. "गेल्या वर्षी तू म्हणालीस, पुन्हा विचारलंस तर पिंपांचा भाव पाडीन."

"पिंपांचा भाव तसाही जास्तच आहे. विचार."

"आत्ता? निदान तोंड तरी धुऊ दे."

"तोंडाचं मागाहून बघू. तुझ्या घरात माणसं किती?"

"मी, आई, पोरं पाच. सात. का गं?"

"मी धरून आठ," टेसी म्हणाली. तिच्या जिवात जीव आला. "आठ चालेल."

"टेसी, लग्नाला हो म्हणणाऱ्या बायका मी फारशा पाहिल्या नाहीत, एकच पाहिली. पण तिने डोकी मोजली नव्हती."

मग टेसी उलट्या घातलेल्या पिंपावर बसली आणि तिने त्याला अंड्यांपासून टर्कींपर्यंत सगळं सांगितलं. ईनक हसला नाही. तो उठला, कोपऱ्यातली खिळ्यांची पेटी घेऊन आला आणि तिच्यापुढे धरली. "हे केलेबने मला मागच्या महिन्यात दिले. मला वाटलं, कोणीतरी विस्तवात धरलेत." खिळ्यांना टोकं नव्हती.

"मग विश्वास बसतो तुझा?"

"माझा तुझ्यावर बसतो," ईनक म्हणाला. "आणि जो कोणी तुला या शेडपर्यंत घेऊन आला त्याच्याशी मला भांडण काढवत नाही. अकरा वर्षं मला जमलं नाही ते त्याने महिन्यात केलं."

६

पण क्वेकरांचं लग्न म्हणजे उठलं आणि लागलं असं नसतं. दोघांनी भर सभेत उभं राहून इरादा सांगायचा. मग दोन बायका आणि दोन पुरुष चौकशी करणार की कोणी दुसरीकडे शब्दात अडकलेलं तर नाही. महिन्याने पुन्हा उभं राहून तेच सांगायचं. मग लग्न.

"हिची चौकशी!" ब्यूला आत्याला हसू आवरेना. "त्रेचाळीस वर्षांत हिने दुसरीकडे कुठे शब्द दिला असता तर मी स्वतः नाचले असते. आपल्यात नाचत नाहीत, तरी नाचले असते."

पहिलं निवेदन बाराव्या महिन्यात झालं. दुसऱ्या निवेदनाच्या आठवड्यात असा हिमवर्षाव झाला की रस्ते बुजले आणि सभा पुढे गेली. ओढा गोठला. गिरणीचं चाक बर्फात रुतून उभं राहिलं, आणि घरातल्या भांड्यांना जन्मभर जी थरथर असायची ती थांबली. त्या शांततेत टेसी दिवसभर शिवत बसे आणि फीबीच्या पोटाकडे बघे. पोट फार मोठं होतं.

"आत गिरणीवाला आणि त्याचा गडी, दोघे आहेत," ब्यूला आत्या म्हणे.

"असं बोलू नकोस," टेसी एकदा इतक्या जोरात म्हणाली की पोरी रडायला लागल्या. मग तिने त्यांना खडीसाखर दिली आणि तो खर्च स्वतःच्या नावावर मांडला.

फीबीला ती काही सांगणार नव्हती. पण एका दुपारी लोकर गुंडाळताना फीबीच म्हणाली, "आत्या, तू ईनककडे का जातेस ते मला ठाऊक आहे."

"म्हातारपणी सोबत हवी म्हणून."

"टर्कींमुळे जातेस." फीबीने धाग्यावरची नजर काढली नाही. "मीही मोजलंय. तुझे उपकार कसे फेडू?"

"बाळाला माझं नाव ठेवू नकोस म्हणजे झालं. टेसी या नावाचा अर्थच गप्प राहा असा सांगतात. मला जन्मात जमलं नाही."

दुसरं निवेदन एकदाचं झालं. पहिल्या महिन्याच्या अठरा तारखेला, भल्या सकाळी, गोठलेल्या सभागृहात टेसी आणि ईनक उभे राहिले, एकमेकांचे हात धरून बोलायचं ते बोलले, आणि जमलेल्या सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. ईनकने तोंड धुतलं होतं. दाढीत भुसा होताच. संध्याकाळी टेसी आपली पेटी घसरगाडीवर घालून बर्फावरून ओढा ओलांडून गेली. यार्नलांच्या घरात आठ माणसं राहिली.

७

फीबीचं पोट दुखायला लागलं ते नवव्या दिवशी, न्याहारीनंतर. सुईण आली. टेसीला बोलावणं आलं. बर्फावर ऊन इतकं होतं की डोळे उघडे राहीनात. ईनकने तिला घसरगाडीवरून आणून बोळाच्या बाहेरच्या दाराशी सोडलं आणि म्हणाला, "मी इथेच थांबतो. आत बायकांत माझं काम नाही."

दुपारी मुलगा झाला. लाल, चिडका, मुठी वळलेला. लिडियाने त्याला घेतलं, एमॉस दाराबाहेर मोठ्याने रडला, आणि केलेबने स्वतःच्या हाताने सगळ्यांना सफरचंदाची दारू दिली. नऊ, टेसी मनात म्हणाली, आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिने फीबीच्या कपाळाचा मुका घेतला.

"जरा थांबा," सुईण म्हणाली. "आनंद नंतर करा. अजून एक आहे."

मुलगी झाली. लहानखुरी, डोळे उघडे, लगेच न रडणारी. सुईणीने तिला पालथी घालून पाठ चोळली आणि ती पोर रडली.

त्याच वेळी गिरणीत घंटा वाजली.

चाक बर्फात होतं. केलेब हातातला पेला तसाच धरून उभा राहिला. "चाड्यात काही नाही," तो म्हणाला. "मी स्वतः झाडून काढलंय." मग त्याने टेसीकडे पाहिलं, आणि या खेपेला त्याने झोपेबद्दल विचारलं नाही.

घंटा पुन्हा वाजली. भिंतीवरची भांडी बारीक थरथरायला लागली, चाक फिरत असल्यासारखी.

दोन झाली म्हणून काही होईलच असं नाही, टेसीचं मन तिला सांगत होतं. तारेने आवळलेला एक वाडगा, एक भित्री बाई. अंडी मोजणं वेगळं आणि माणसं वेगळी. पण सुईण मुलीला पुसत होती, आणि पुसता पुसता थबकून म्हणाली, "काय गं हे? कानाच्या मागे आत्ता सुरकुती होती ना?"

टेसी पलंगाशी गुडघ्यांवर बसली. "फीबी, ही मला दे. उसनी नको. दिलेली पाहिजे."

फीबीचा चेहरा घामाने भिजलेला होता. तिने मुलीकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथून भांड्यांचा आवाज येत होता.

"मला पुन्हा मागता येणार नाही?"

"नाही."

"हा काय चावटपणा आहे!" लिडिया ओरडली. "तिला काय कळतंय या अवस्थेत!"

"मला कळतंय, सासूबाई." या माणसांत शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो, एवढंच. फीबीने मुलीचं डोकं एकदा आपल्या गालाला लावलं. "दिली. तुझी आणि ईनकची. सुईणबाई, तू ऐकलंस?"

"ऐकलं," सुईण म्हणाली.

टेसीने मुलीला एप्रनमध्ये गुंडाळलं आणि ती निघाली. पुढच्या दाराला बर्फ साचला होता. जाण्याचा रस्ता बोळातून, गिरणीच्या दारावरून. दार सताड उघडं होतं. बघायचं नाही असं ठरवून ती चालली होती, पण उजेड इतका होता की डोळा आपोआप वळला.

पिठाच्या धुळीत, उन्हाच्या पट्ट्यात, जुनं मापटं कमरेइतक्या उंचीवर होतं. तारेने आवळलेला तडा दिसत होता. त्याच्या काठावर दांडी. दांडीवर एक पांढरी बाही, पिठाने पांढरी की मुळातच, हे तिला कळलं नाही. बाहीच्या वर तिने पाहिलं नाही. मापटं रिकामं होतं. दांडी रिकाम्या मापट्यावरून एकदा सावकाश फिरली, टेसीच्या बाजूला.

भांडी थरथरायची थांबली.

बाहेर ईनक घसरगाडीशी उभा होता. त्याने तिच्या एप्रनकडे पाहिलं.

"मी धरून आठ म्हणाली होतीस."

"नऊ," टेसी म्हणाली. "चल लवकर."

८

बर्फ तिसऱ्या महिन्यात सुटला आणि चाक फिरायला लागलं. जुनं मापटं कोणाला दिसलं नाही. यार्नलांकडे सगळा माल नऊनऊने येऊ लागला, नऊ अंडी, नऊ मेणबत्त्या, नऊ खिळ्यांच्या पुड्या. दुकानदार चेष्टा करी. लिडिया म्हणे, काटकसर आहे. वर्षाअखेर घरखर्च खरोखरच तीन पौंड चार शिलिंगांनी कमी भरला, आणि केलेबने तो आकडा टेसीला ओढ्यापलीकडे मुद्दाम कळवला. मुलाचं नाव जोएल ठेवलं, मुलीचं केझिया. फीबीला पुन्हा दिवस गेले तेव्हा फर्गसने आपण होऊन दुसरीकडे काम धरलं. जाताना तो टेसीला भेटायला आला आणि तिला बाईसाहेब म्हणाला. तिने त्याला कोट दिला, बटणांसकट.

१७९९, तिसऱ्या महिन्याचा एकोणिसावा दिवस, तिसरा वार. सकाळी पाऊस, नंतर उघडीप. फीबीला मुलगा झाला. यार्नलांच्या घरी नऊ. पासमोरांच्या घरी नऊ. केझिया टेसीला आई म्हणते, फीबीला काकू.